यादीत नसलेलं पार्टिशन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, वाचून हसतच आलोय. कुणाला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या दारावर कोणी थाप मारली… वाचायचो, मासिक मिटायचो आणि कामाला लागायचो. माझं सगळं आयुष्य मशीनसमोर गेलं. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, आणि नीट शोधली तर चूक सापडतेच — एवढीच माझी श्रद्धा. आता पंचावन्न झाली आणि मलाच लिहायला बसावं लागतंय. जे झालं ते सकाळी साडेनऊला, ऑफिसात, उघड्या खिडकीशी झालं. एकदा नाही, रोज झालं.

हे लिहायला इतका उशीर का केला ते वाचता वाचता कळेलच. आमची मराठी इंदूरची आहे, हिंदी मिसळते, सांभाळून घ्या.

वडील मिलमध्ये टाइम ऑफिसला कारकून होते. मीही तिथेच चिकटलो. कोणती मिल ते लिहीत नाही. तेव्हा इंदूरमध्ये सकाळी एकामागून एक भोंगे व्हायचे, त्यातला एक आमचा, बस. टाइम ऑफिस म्हणजे गेटच्या डाव्या हाताची लांबट खोली. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते तिथे लिहायचं. नव्वदनंतर तिथे कॉम्प्युटर आला आणि तो चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी पुस्तकं आणून, सुट्टीच्या दिवशी येऊन, मोडून-जोडून शिकलो. हजेरीचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने — इन आणि आउट. आणि एक नियम मी हट्टानं घातला होता: प्रत्येक नावापुढे आउट पडल्याशिवाय त्या दिवसाचा तक्ता बंद होत नाही. स्क्रीनवर वर ‘दिवस चालू’ असं येत राहतं. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

आता बदलीवाले म्हणजे काय ते सांगतो. मिलमध्ये कायमवाले कामगार वेगळे आणि बदलीवाले वेगळे. बदलीवाला रोज सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा. आधी कायमवाले आत जायचे. मग सातला दहा कमी असताना जाबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर यायचा, कोणकोण आलं नाही ते बघायचा, आणि तेवढ्या बदलीवाल्यांची नावं पुकारायचा. ज्याचं नाव पुकारलं तो त्या दिवसापुरता आत, गैरहजर माणसाच्या लूमवर, म्हणजे मागावर. ज्याचं पुकारलं नाही तो घरी. वडिलांच्या काळापासून रीत होती की बदलीवाल्यांची वही वेगळी, आणि ती सगळ्यात खालच्या फळीवर.

मी कॉम्प्युटरवरही तीच रीत ठेवली. कायमवाल्यांची हजेरी मोठ्या हार्ड डिस्कवर. ती भरत आली तेव्हा दुसरी, छोटी डिस्क बसवली, तिच्यावर एकच पार्टिशन केलं आणि त्याला नाव दिलं — बदली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या सिस्टीममध्ये डिस्क नुसती लावून भागत नाही. मशीन सुरू होताना ती एक साधी फाइल वाचते. त्या फाइलमध्ये यादी असते, कोणकोणती पार्टिशनं आत घ्यायची, एका ओळीत एक. वरून खाली वाचत जाते आणि एकेक जोडत जाते. याला माउंट करणं म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला # ही खूण टाकली की मशीन ती ओळ सोडून पुढे जाते. मग पार्टिशन डिस्कवर असतं, त्यातला सगळा मजकूर असतो, पण मशीनच्या लेखी ते नसतं. गेटबाहेर उभं राहतं. ‘बदली’ची ओळ मी यादीत सगळ्यात शेवटी लिहिली होती. रीतच ती.

बाबूलाल देपालपूरकडचा. पहिल्या बसनं यायचा. नाव पुकारलं गेलं की आत जाता जाता माझ्या खिडकीत डोकं घालायचा.

“बाबूजी, मशीन में म्हारो नाम चढ्यो के नी?”

“चढ़ गया, चढ़ गया. भाग, भोंगा होईल.”

“देख लेना बाबूजी. एक नाम ही तो अपना है, बाकी तो सब बदली का है.”

आणि हसायचा. रोज तेच वाक्य, रोज नवीन जोक सांगितल्यासारखा.

मिलचा तो शेवटचा हिवाळा. एकच पाळी चालायची, अर्ध्या लूम बंद, दुरुस्ती कोणी करत नव्हतं. बंद भागातून तांब्याची तार चोरीला जायची, हेही खरं. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, एका विजेच्या पॅनेलचं झाकण दोन महिन्यांपासून गायब होतं, तक्रार माझ्याच टाइम ऑफिसातून गेली होती. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास बाबूलालला तिथे शॉक बसला. जागीच गेला.

दुपारी पाळी सुटून बाकीच्यांचे आउट चढल्यावर मॅनेजरसाहेब टाइम ऑफिसात आले. खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाच्या कडेला टेकले.

“मुळेजी, बदलीवालों का रजिस्टर तो अब रहा नहीं. सब मशीन में ही है ना?”

“जी.”

“लोग कह रहे हैं तार खींच रहा था.”

मी म्हटलं, “साहब, वह तो ड्यूटी पे था. सुबह पुकारा गया था. मैंने खुद चढ़ाया है.”

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मी विचारलं… हो, मीच विचारलं, त्यांनी सुचवलं पण नव्हतं — “मिटा दूँ?”

“अरे नहीं नहीं. मिटाना क्यों? बस… खुले नहीं.” मग उठता उठता म्हणाले, “सांवेर रोड पर नई यूनिट आ रही है. वहाँ भी किसी को हाजिरी देखनी पड़ेगी.”

मिल बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. माझी मुलगी दहावीत होती. ही सबब नाही, जे डोक्यात होतं ते लिहितोय. मी फाइल उघडली, शेवटच्या ओळीपुढे # टाकला आणि मशीन बंद करून परत चालू केलं. दोन मिनिटांचं काम. मी काही पुसलं नाही, मी खोटं लिहिलं नाही, मी फक्त जोडलं नाही — असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं सांगत होतो.

चौकशीला अधिकारी आले. त्यांच्यासमोर मी मशीन सुरू केलं. सगळं काळ्या स्क्रीनवर वर सरकत गेलं. हजेरीचा कागद छापून दिला. बाबूलालचं नाव नव्हतं.

“और कोई रिकॉर्ड?”

“मशीन में इतना ही है, साहब.”

बाकीचे बदलीवाले बाहेर ओरडत होते की आमच्यासोबत पुकारला होता त्याला, आम्ही बरोबर आत गेलो. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही तरी आत होतात कशावरून? त्यांची हजेरी कुठे होती? त्याच पार्टिशनमध्ये. जाबर रजेवर गेला तो आलाच नाही. पेपरात चार ओळी आल्या — मिलमध्ये तार चोरताना एकाचा मृत्यू.

आठवड्यानं त्याची बायको गेंदाबाई माझ्या खिडकीशी आली. खिडकी कोणीतरी दाखवली असेल. म्हणाली, “बाबूजी, आप तो रोज लिखते थे. वो बताता था, खिड़की वाले बाबूजी लिखते हैं.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघितलं आणि म्हटलं, “मशीन में नहीं है, बाई.”

ती गेली.

मिल बंद झाली. मी सांवेर रोडला लागलो. डब्बे-खोके बनवायची फॅक्टरी, मालक तेच, मॅनेजर तेच. मिलचं सामान भंगारात निघालं, पण तो कॉम्प्युटर माझ्याबरोबर आला, दोन्ही डिस्कसकट. नवीन हजेरीही मी त्याच्यावरच लावली. # तिथेच होता. कितीतरी वर्षं. मला वाटलं होतं मी आतून झिजेन, झोप उडेल. काही झालं नाही. झोप लागायची, पोहे गोड लागायचे. हे पण लिहायलाच पाहिजे.

मग फॅक्टरीत ठेक्याचे लोक घ्यायला सुरुवात झाली. कायम माणसं कमी, ठेक्याची जास्त. सगळीकडे तेच चाललं होतं तेव्हा. एका शनिवारी मॅनेजरसाहेब म्हणाले, “ठेकेवालों की लिस्ट अलग रखिए, मुळेजी. जैसे वहाँ रखते थे.”

त्यांनी मुद्दाम म्हटलं का सहज, माहीत नाही. मी मान हलवली. मोठ्या डिस्कवर मिलची जुनी हजेरी काढून जागा केली, नवीन पार्टिशन केलं, ‘ठेका’ नाव दिलं, आणि यादीच्या तळाशी, त्या # वाल्या ओळीच्या खाली, नवीन ओळ लिहिली.

सोमवारी सकाळी साडेनऊला मशीन सुरू केलं. कोणकोणती पार्टिशनं जोडली गेली ते बघायची मला सवय होती. बघितलं. मोठ्या डिस्कची सगळी, मग ठेका… आणि त्याच्याखाली, सगळ्यात शेवटी — बदली.

मला आधी राग आला. वाटलं कुणीतरी हात लावला. यादीची फाइल उघडली. # जागच्या जागी. मी हातानं ‘बदली’ मशीनपासून वेगळं केलं, मशीन परत सुरू केलं. आलं नाही. बरं झालं म्हटलं. मंगळवारी सकाळी — परत.

मी रीतसर मागे लागलो, चूक शोधायला. मशीन सुरू होताना ज्या ज्या फाइली वाचते त्या सगळ्या वाचल्या, ओळ न् ओळ. कुठे दुसरीकडून हुकूम जातोय का ते बघितलं. नाही. दिवसभरात दहा वेळा बंद-चालू केलं तर दहाही वेळा व्यवस्थित. फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की ‘बदली’ हजर. बुधवारी ती ओळच यादीतून खोडली. गुरुवारी सकाळी हजर. मग ज्या फोल्डरमध्ये ते जोडलं जायचं तो फोल्डरच उडवला. जागाच नाही तर येणार कुठे? शुक्रवारी सकाळी फोल्डरही होता आणि बदलीही.

आमच्याकडे कॉम्प्युटरचं काम बघायला जैनसाब यायचे, शहरात त्यांचं दुकान होतं. माझ्याच वयाचे, तोंडात सुपारी. मी त्यांना बोलावलं. कशाचं पार्टिशन आहे ते सांगितलं नाही. त्यांनी सगळं बघितलं, परत बघितलं.

“मुळे भिया, लिस्ट में लाइन नहीं, फोल्डर आपने उड़ा दिया, फिर भी माउंट?”

“वही तो.”

“सुबह चाय से पहले आप ही कर देते होंगे नींद में.” मग हसले. “नहीं तो मशीन को हाजिरी लेने की आदत पड़ गई है. बरसों से हाजिरी ही तो ले रही है बेचारी.”

मी हसलो नाही. ते पण थांबले. म्हणाले, “लॉग देखा?”

मशीन काय काय करते ते वेळेसकट लिहून ठेवते, त्याला लॉग म्हणतात. मी पार्टिशनांच्या मागे लागलो होतो, वेळा बघितल्याच नव्हत्या. जैनसाबांनी लॉग उघडला. मशीन सुरू — नऊ बत्तीस. पहिलं पार्टिशन — नऊ बत्तीस. ठेका — नऊ तेहतीस. आणि त्याच्याखाली ‘बदली’ माउंट — सहा पन्नास.

सगळ्यांच्या खाली लिहिलेलं, आणि वेळ सगळ्यांच्या आधीची. सहा पन्नासला ऑफिसला कुलूप असतं. मेन स्विच बंद असतो.

“बैटरी गई है घड़ी की,” जैनसाब म्हणाले. “वक्त उलटा-सुलटा लिख रही है.” त्यांनी नवीन बॅटरी बसवून दिली, घड्याळ माझ्या मनगटाशी जुळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघायला परत आले. नवीन बॅटरीसकट — सहा पन्नास. मागचे सगळे दिवस काढून बघितले. सगळे सहा पन्नास.

सातला दहा कमी.

जैनसाबांना तो आकडा म्हणजे आकडा होता. मला नव्हता. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि त्या दिवशी जाताना मशीनचं झाकण उघडून छोट्या डिस्कची केबल काढून ठेवली. आता डिस्क मशीनमध्ये असून नसल्यासारखी. यापेक्षा जास्त काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं. एकेक पार्टिशन जोडलं गेलं. ठेका पण आलं. आणि मग मशीन थांबलं. लॉगिन येईना, चूक दाखवेना. शेवटच्या ओळीखाली कर्सरचा पांढरा ठोकळा लुकलुकत राहिला. मी पाच मिनिटं बसलो, दहा मिनिटं बसलो. तीनदा बंद-चालू केलं. तेच. खिडकीबाहेर ठेक्याची माणसं रांगेत उभी होती, त्यांची हजेरी लागायची होती. एकानं आत डोकं घातलं आणि विचारलं, “बाबूजी, नाम चढ़ रहा है कि नहीं?”

इतकंच. त्याला काय माहीत.

मी मशीन बंद केलं, केबल परत लावली आणि चालू केलं. सगळं सरळ झालं. बदली शेवटी आलं, लॉगिन आलं, माणसं आत गेली. जैनसाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, डिस्क नहीं मिली होगी तो रुक गई होगी. पण यादीत ती ओळ नव्हतीच की. जे यादीत नाही त्याची वाट मशीन कशाला बघेल? ते म्हणाले, हाँ, यह बात तो है.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ‘बदली’ उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो दिवस शोधला. सापडायला वेळ लागला नाही. तारीख मला पाठ होती. नावं होती, त्यात बाबूलाल होता. साळखाता, लूमचा नंबर, इन सहा पन्नास. बाकी सगळ्यांपुढे आउट साडेतीन. बाबूलालपुढे आउटचा रकाना रिकामा. आणि वर, माझ्या त्या हट्टाच्या नियमाप्रमाणे, लिहिलेलं होतं — दिवस चालू.

माझा डबा तसाच राहिला.

घरी आल्यावर सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, ऐकून घ्यायची तिला सवय आहे. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, “म्हणजे त्या बाईला तुम्ही तोंडावर नाही म्हणालात.”

“मशीनमध्ये नाही असं म्हटलं.”

“तेच ते.” तिनं देठ बाजूला सारले. “इतकी वर्षं मी तुम्हाला डबा देत होते. काही कळू दिलं नाहीत.” आणि जरा वेळानं, “मशीन कंटाळलं बघा. तुम्ही नाही कंटाळलात.”

मी म्हटलं, “भूत-बित मानतेस का तू?”

“मी काही मानत नाही. रविवारी देपालपूरला जा.”

त्या दिवसाचा कागद मी छापून घेतला आणि रविवारी बसनं गेलो. हाटाचा, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. स्टँडजवळच्या चहाच्या ठेल्यावर विचारलं, “बाबूलाल मिलवाले का घर किधर है?”

चहावाला आठवत राहिला. “मिलवाला… अच्छा, वो तारवाला? उधर, मंडी के पीछे.”

तारवाला. इतक्या वर्षांनी त्याचं नाव तेवढंच उरलं होतं. माझ्या दोन मिनिटांच्या कामातून निघालेलं नाव.

गेंदाबाई दारात सुपात गहू पाखडत होती. केस पांढरे झालेले. मला ओळखलं नाही. मी सांगितलं, खिडकीवाला बाबूजी. तिनं सूप खाली ठेवलं. मी कागद पुढे केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, # पासून मॅनेजरसाहेबांपर्यंत. तिला मशीनचं किती कळलं माहीत नाही. बाकीचं सगळं कळलं.

“आपको कब से मालूम था?”

“पहले दिन से.”

तिनं मान हलवली, जसं काही तिला तेवढंच तपासून बघायचं होतं. मग म्हणाली, “म्हारे तो मालम थी, बाबूजी. उस दिन चार रोटी बाँध के ले गया था, प्याज के साथ. चोरी करने जाने वाला रोटी बाँध के ले जाता है क्या?”

इतकी सोपी गोष्ट. चौकशीत कोणी विचारली नव्हती, मला सुचली नव्हती.

“छोरी का रिश्ता दो बार टूटा,” ती म्हणाली. “तारवाले की छोरी. अब तो हो गया, दूर दिया.” मग कागद माझ्या हातात परत दिला. “यो कागज म्हारे कई काम को? म्हारे तो मालम थी. उनको बताओ जिनको नहीं मालूम.”

तिनं पायात चपला घातल्या आणि पुढे चालू लागली. मी मागे. ती मला त्याच चहाच्या ठेल्यावर घेऊन आली. हाटाची माणसं बसली होती, पंधरा-वीस असतील. ती ठेल्याच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “बोलो.”

मी बोललो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. “बाबूलाल चोर नहीं था. वह ड्यूटी पर था. उसका नाम पुकारा गया था. हाजिरी मैंने लिखी थी और मैंने ही छुपाई.” मग कागद वाचला. हजेरी वाचतात तसा, पूर्ण. त्या दिवशीच्या सगळ्या बदलीवाल्यांची नावं, खातं, लूम, वेळ. एक म्हातारा मधेच म्हणाला, “यह तो म्हारो भाई है.” बाबूलालचं नाव आलं तेव्हा गेंदाबाईनं पदर तोंडाला लावला. रडली नाही.

चहावाल्यानं गाळणी बाजूला ठेवली. “तब कहाँ थे, बाबूजी?”

मी मान खाली घातली, तर नजर मनगटावरच्या घड्याळावर पडली. बारा वाजून वीस मिनिटं. तो आकडा तेवढ्यासाठीच लक्षात राहिला. त्याच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी काट्यांकडे बघत होतो.

गेंदाबाईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि ठेल्याच्या खांबावर कॅलेंडरचा खिळा होता, त्याला अडकवला. “यहीं रहेगा,” ती चहावाल्याला म्हणाली. मला तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. हाटातून तशीच घरी निघून गेली.

सोमवारी साडेनऊला मशीन सुरू केलं. एकेक पार्टिशन आलं, ठेका आलं, लॉगिन आलं. बदली नाही. मी लॉग उघडला. सोमवारच्या ओळींच्या वर एकच ओळ जास्तीची होती — बदली, अनमाउंट. म्हणजे वेगळं झालं, बाहेर गेलं. वार रविवार. वेळ बारा वीस.

रविवारी फॅक्टरी बंद असते. मी चौकीदाराला विचारलं. मेन स्विच बंद, चावी त्याच्या कमरेला, दिवसभर.

जैनसाबांना ती ओळ दाखवली. या वेळी सगळं सांगितलंही. त्यांनी सुपारी चघळायची थांबवली. म्हणाले, “बैटरी तो मैंने ही बदली थी.” एवढंच म्हणाले. सर्व्हिसचं बिल लावलं नाही त्यांनी.

त्यानंतर ‘बदली’ एकदाही आपणहून आलं नाही.

ठेक्याच्या माणसांची नावं मी कायमवाल्यांच्या यादीत घातली आणि ‘ठेका’ पार्टिशन काढून टाकलं. चौकशीच्या ऑफिसात लेखी जबाब देऊन आलो, सही करून. फाइल जुनी आहे, बघू, असं म्हणाले. अजून काही उत्तर नाही. मॅनेजरसाहेबांना मीच सांगितलं, कुणाकडून कळायच्या आत. ते चिडले नाहीत. म्हणाले, “मुळेजी, इतने साल बाद? क्या फायदा?” महिन्याच्या शेवटी मला निरोप दिला. भंगारात जाणार होती म्हणून ती छोटी डिस्क मी मागून घेतली. आता घरी असतो, लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सुनंदा माझ्याशी बोलते. पूर्वीइतकं नाही.

पुष्कळ विचार केला. डिस्क सदोष असेल, पण सदोष डिस्क वेळेवर येत नाही. मीच केलं असेल, झोपेत, अपराधी मनानं… पण सहा पन्नासला मी घरी असायचो, आणि बारा वीसला तर वीस माणसांसमोर उभा होतो. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, यावर मी अजून आहे. पण मग ते काय होतं, ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

ती डिस्क मी कधी कधी माझ्या मशीनला लावतो. यादीत ओळ लिहितो, # न टाकता, आणि ती मुकाट्यानं माउंट होते, कुठलीही डिस्क व्हावी तशी. तो दिवस उघडतो. बाबूलालपुढे आउटचा रकाना अजून रिकामाच आहे. जैनसाब म्हणाले, भर दो कुछ भी, साढ़े तीन लिख दो, बंद करो दिन को. दोन कळा दाबायचं काम आहे. प्रोग्राम माझा, नियम माझा.

मी भरलेला नाही. वर ‘दिवस चालू’ असं येतं, तेवढं बघतो आणि मशीन बंद करतो.